सालपटांना पऱ्हाटीची जोड

केळीची साल दोन दिवस पाण्यात भिजवायची आणि ते पाणी झाडांना घालायचे, हे घरगुती खत सध्या घरोघरी चालते. त्या पाण्यात पालाश उतरतो, हे खरे. वनस्पतीच्या पेशीत तो कुठल्या सेंद्रिय पदार्थाला जखडलेला नसतो, पेशीरसात मोकळाच असतो. कुंडीतल्या गुलाबाला त्याचा थोडाफार उपयोग होईलही. पण मारेगावच्या काळ्या कपाशीच्या जमिनीत पालाश सहसा मुबलक असतो. तिला कमी पडतो तो नत्र आणि सेंद्रिय कर्ब. आणि कर्ब राहतो आपण फेकून दिलेल्या सालीत!

म्हणून साल कुजवलीच पाहिजे. नुसत्या सालींचा ढीग मात्र दोन दिवसांत आंबट वास मारू लागतो. ओल जास्त, ढीग दबतो, हवा खेळत नाही आणि हवेविना जगणारे जिवाणू माजतात. त्याला कोरड्या मालाची जोड हवी, आणि तो आपल्याकडे धुऱ्यावर पडलेला असतो: पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, आणि तूर-सोयाबीनचे कुटार.

पण पऱ्हाटी कुजवायची कशी? इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांच्यापुढे हाच पेच होता. कपाशीच्या काड्या टणक, लवकर कुजत नाहीत. त्यांनी त्या शेतरस्त्यावर पसरल्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडू दिल्या. मग शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती घालून थर रचले. सुमारे तीन महिन्यांत खत तयार! 1931 साली दोघांनी या ‘इंदूर पद्धती’वर पुस्तक लिहिले. आज चाकांऐवजी श्रेडर आहे, एवढाच फरक.

घरी बुडाला भोके पाडलेली जुनी बादली पुरते. दोन भाग कुटार किंवा बारीक केलेली पऱ्हाटी, एक भाग चिरलेली सालपटे, वर मूठभर शेणखत. मिश्रण मुठीत दाबले की जेमतेम एक-दोन थेंब निघावेत, इतकीच ओल ठेवावी. संत्र्याची साल बेतानेच घाला, तिच्यातले तेल जिवाणूंना मानवत नाही. बादली फारशी तापत नाही, त्यामुळे वेळ लागतो. मोठा ढीग मात्र 55-60 अंशांपर्यंत जातो आणि तणांचे बी मरते. मे महिन्यात ढीग कडुनिंबाच्या सावलीत हलवून गोणपाटाने झाकावा, नाहीतर कुजण्याआधीच वाळतो.

पऱ्हाटी तशीच धुऱ्यावर रचून ठेवली, तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती उपटताच बारीक करून ढीग लावा, त्यात बाजारातली सडकी फळे आणि पुढे आंब्याची सालपटे घाला. मृगाच्या पेरणीआधी हे खत शेतात पडते.