श्रवणभक्ती आणि लाखेची तबकडी

आज आषाढी एकादशी. देवघरात समई तेवत असते, तुळशीच्या हारांचा गंध दरवळत असतो, आणि अशा मंगल दिवशी काही घरांत माळ्यावरची एक जुनी पेटी हटकून खाली उतरते. तीत असतात आजोबांनी जिवापाड जपलेल्या ध्वनिमुद्रिका. १९३१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत कान्होपात्रा’तील बालगंधर्वांची पदे, १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चित्रपटातील विष्णुपंत पागनीसांचे अभंग!

मोठ्या उत्कंठेने तबकडी नव्या यंत्रावर लावावी, तो आवाज यावा गोधडीआडून आल्यासारखा. खर्ज फुगलेला, टाळांची किणकिण हरवलेली, शब्द पुसट. ‘झिजली बिचारी,’ असे म्हणून आम्हीही अशा तबकड्या पुन्हा पेटीत ठेवीत होतो. एकदा तर त्या भंगारात देण्याचे जवळजवळ ठरले होते. पुढे उमगले की, दोष बहुतांशी तबकडीचा नव्हताच. दोष आमच्या ऐकण्याच्या रीतीचा होता.

त्याचे कारण असे. विद्युत्-साहाय्याने तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम आखडते घ्यावे लागत. नाही तर एक खाच शेजारच्या खाचेत शिरली असती. पुढे लाँगप्लेच्या काळात तारस्वर मुद्दाम चढवून कोरू लागले, जेणेकरून पृष्ठभागाची खरखर त्यांच्याखाली दबून राहावी. वाजविताना ही क्रिया उलट करायची, म्हणजे स्वर मूळ तोलावर येतात. यालाच ‘इक्वलायझेशन’ म्हणतात, आणि हे काम फोनो प्रीअँप्लिफायर करतो. पिकअपमधून येणारा काही सहस्रांश व्होल्टचा क्षीण प्रवाह सुमारे शंभरपट वाढविणे, हे त्याचे दुसरे काम.

१९५४ साली यासाठी ‘आर.आय.ए.ए.’ हे प्रमाण ठरले, आणि आजचे बहुतेक प्रीअँप्लिफायर तेवढेच जाणतात. परंतु आजोबांच्या तबकड्या त्याआधीच्या! हिज मास्टर्स व्हॉइसच्या विद्युत्-मुद्रित तबकड्यांत खर्ज साधारण २५० हर्ट्‌झच्या खाली आखडलेला असे. नव्या प्रमाणात ही मर्यादा ५०० हर्ट्‌झ आहे. शिवाय तारस्वर चढविलेले नसताना नवे यंत्र ते उतरविते, १०,००० हर्ट्‌झला जवळजवळ १४ डेसिबलनी. मग टाळ हरवणार नाहीत तर काय?

यावर उपाय आहे. खर्जाची मर्यादा आणि तारस्वरांचा उतार निरनिराळा ठरविता येईल, अशी दोन बटणे असलेले प्रीअँप्लिफायर मिळतात. वर सांगितलेल्या तबकड्यांसाठी पहिले बटण २५० वर आणि दुसरे ‘फ्लॅट’वर ठेवून आरंभ करावा, पुढचा निवाडा कानांनी करावा. १९२५ पूर्वीच्या, कर्ण्यात गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांना असा उपचार मुळातच नव्हता. तेथे खर्ज वाढविल्यास तबला प्रकटत नाही, यंत्राची घरघर मात्र वाढते.

सुईकडेही लक्ष हवे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीस सुमारे तीन सहस्रांश इंच टोकाची सुई लागते. लाँगप्लेची बारीक सुई खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीत रुतते. या तबकड्या एकमार्गी असल्याने स्टिरिओचे दोन्ही मार्ग एकत्र जोडावेत, म्हणजे सुईच्या वरखाली हालचालीने उठणारी खरखर बरीच ओसरते. आणि एक कळकळीची विनंती: तबकडी स्पिरिटने पुसू नका. ती लाखेची असते. स्पिरिटात लाख विरघळते, आणि गेलेला स्वर परत येत नाही.

गेल्या एकादशीस आम्ही ही सारी सिद्धता करून पागनीसांची तबकडी लावली. खरखर होतीच, ती वयाची खूण आहे. परंतु तिच्यामागून टाळ वाजले, शब्द उमटले. वयोवृद्ध मातोश्री आतल्या खोलीत पडून होत्या. त्या भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या, आणि तीन मिनिटांनी बाजू संपली तेव्हा एवढेच म्हणाल्या, “दादा हीच लावायचे.”

नवविधा भक्तीत श्रवणाचे स्थान पहिले आहे. समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ श्रवणभक्तीनेच केला आहे. श्रवण म्हणजे नुसते कानांवर पडणे नव्हे. समोरच्याने जे म्हटले, ते तसेच ग्रहण करणे होय. तबकडीपुढे बसतानाही हेच पथ्य पाळावे. आज पेटी उघडाल, तेव्हा ‘झिजली’ हा निकाल देण्यापूर्वी तिला तिच्या काळाच्या मापाने एकवार वाजवून पाहा. कोण जाणे, आपल्याही घरातील एखादा हरपलेला स्वर तेथे वाट पाहत असेल!