सिम्युलेशन सॉफ्टवेअरचे संकलन व स्थापना

सिम्युलेशन सॉफ्टवेअरचे संकलन व स्थापना म्हणजे एखाद्या भौतिक, रासायनिक किंवा तांत्रिक व्यवस्थेचे अनुकरण करणारी आज्ञावली तिच्या सोर्स कोडपासून विशिष्ट संगणकावर चालण्याजोगी करण्याची प्रक्रिया होय. सर्वसाधारण वापराची सॉफ्टवेअर बहुधा तयार स्वरूपात मिळतात. संशोधनासाठी लिहिलेली सिम्युलेशन सॉफ्टवेअर मात्र पुष्कळदा सोर्स कोडच्याच रूपात वितरित होतात, कारण त्यांत स्वतःचे नवे गणिती प्रारूप किंवा नवा प्रोटोकॉल घालणे हाच अनेक वापरकर्त्यांचा उद्देश असतो. त्यामुळे कंपायलर, लायब्ररी आणि संचालन प्रणाली यांच्यातील प्रत्येक विसंगतीला वापरकर्त्यालाच तोंड द्यावे लागते. संगणक जाळ्यांचा अभ्यास करण्यासाठी वापरला जाणारा एनएस-२ हा सिम्युलेटर याचे ठळक उदाहरण आहे. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदवी व पदव्युत्तर प्रकल्पांसाठी तो दीर्घकाळ वापरला गेला आहे.

एनएस-२ची रचना

एनएसचा उगम १९८९ मधील 'रिअल' या सिम्युलेटरमध्ये आहे. १९९५ पासून अमेरिकेतील डार्पा या संस्थेच्या साहाय्याने 'व्हिंट' प्रकल्पांतर्गत त्याचा विकास झाला. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळा, झेरॉक्स पार्क, कॅलिफोर्निया विद्यापीठ (बर्कली) आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीविज्ञान संस्था यांचा या प्रकल्पात सहभाग होता. एनएस-२ दोन भाषांत लिहिलेला आहे. प्रत्येक पॅकेटवर होणारी वेगवान प्रक्रिया सी++ भाषेत आहे, तर जाळ्याची मांडणी व प्रयोगाचे नियोजन ओटीसीएल या भाषेत केले जाते. या दोन भाषांना जोडणारा टीसीएलसीएल नावाचा वेगळा थर आहे. म्हणजे एनएस-२ उभा करण्यापूर्वी टीसीएल, टीके, ओटीसीएल व टीसीएलसीएल हे चार घटक क्रमाने तयार व्हावे लागतात. त्याखेरीज चलचित्र दाखवण्यासाठी नॅम आणि आलेख काढण्यासाठी एक्सग्राफ ही साधने लागतात.

वापरकर्त्याला हे सर्व वेगवेगळे शोधावे लागू नये म्हणून 'ऑल-इन-वन' असा एकत्रित संच देण्यात आला. त्याची २.३५ ही आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात टीसीएलची ८.५.१० ही आवृत्ती समाविष्ट आहे. ही सोय काही काळाने अडचणीचे कारण ठरली. संचातील कोड २०११ मध्ये स्थिरावला, पण तो ज्या कंपायलरने संकलित करायचा ते कंपायलर बदलत राहिले. आज विद्यार्थ्यांना येणाऱ्या बहुतेक चुकांचा उगम या अंतरात आहे. सिम्युलेटरच्या तर्कात दोष असल्यामुळे संकलन अडते असे क्वचितच घडते.

चुकीचा संदेश कसा वाचावा

स्थापना अयशस्वी झाल्यावर पडद्यावरची शेवटची ओळ वाचून उपाय शोधू लागणे, ही सर्वात जास्त वेळ खाणारी सवय आहे. ऑल-इन-वन संचाची स्थापना-आज्ञावली शेवटी फक्त 'ओटीसीएलचे मेक अयशस्वी' अशा अर्थाचे एक वाक्य छापून थांबते. त्यातून कोणता घटक अडला एवढेच कळते. खरे कारण पुष्कळ वर, पहिल्या चुकीच्या संदेशात असते. एक मथळा-संचिका सापडली नाही की तिच्यातील प्रत्येक नाव कंपायलरला अपरिचित ठरते आणि एका चुकीमागे शेकडो ओळींची रांग लागते. म्हणून सर्व संदेश एका संचिकेत साठवून पहिला दोष शोधणे हितावह ठरते.

तो दोष कोणत्या टप्प्यावर आला, हे त्यानंतर पाहावे लागते. पहिल्या टप्प्यात 'कॉन्फिगर' ही आज्ञावली संगणकावर काय उपलब्ध आहे याची तपासणी करते; येथील अपयशाचा तपशील पडद्यापेक्षा 'कॉन्फिग.लॉग' या संचिकेत अधिक असतो. दुसऱ्या टप्प्यातील तक्रारी कोडच्या भाषेविषयी असतात व त्यांत संचिकेचे नाव आणि ओळीचा क्रमांक येतो. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे लिंकिंगमध्ये, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' हे शब्द दिसतात. त्यांचा अर्थ कार्याची घोषणा सापडली, पण ते कार्य ज्या लायब्ररीत आहे ती जोडली गेली नाही किंवा चुकीच्या क्रमाने जोडली गेली, असा होतो. सर्व टप्पे पार करूनही आज्ञावली सुरू होत नसेल, तर दोष कोडमध्ये शोधण्याऐवजी मार्गांच्या नोंदींत शोधावा.

कंपायलरच्या आवृत्तीमुळे येणारे दोष

एनएस-२.३५च्या 'लिंकस्टेट' फोल्डरमधील 'एलएस.एच' या संचिकेतील दोष हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. १३७व्या ओळीवर 'इरेज' हे नाव घोषित नाही, असे कंपायलर सांगतो. वस्तुतः हे कार्य टेम्प्लेट स्वरूपाच्या मूळ वर्गात आहे. सी++च्या प्रमाणित नियमानुसार टेम्प्लेटमध्ये नुसत्या नावाचा शोध अशा मूळ वर्गात घेतला जात नाही. जीसीसी हा कंपायलर अनेक वर्षे या नियमाबाबत सैल होता; मार्च २०१२ मध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीपासून तो काटेकोर झाला. एनएस-२.३५ प्रसिद्ध होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. या ओळीत 'इरेज'च्या आधी 'धिस' हा स्वनिर्देशक बाणचिन्हासह जोडला की दोष दूर होतो. दुरुस्ती एका शब्दाची आहे. मात्र तिचे कारण न समजता ती उतरवून घेणाऱ्याला दुसऱ्या संचिकेतील तशीच चूक ओळखता येत नाही.

याआधीच्या २.३४ आवृत्तीत याच जातीचे आणखी दोष आढळतात. 'मोबाइल' फोल्डरमधील नाकागामी प्रारूपाच्या संचिकेत वर्गाच्या रचनाकार्याला वर्गाच्या नावासह दुहेरी पद्धतीने हाक मारलेली आहे. नवे कंपायलर ती नाकारतात. वायरलेस मॅक थराच्या एका मथळा-संचिकेत 'सीएसटीडीडेफ' या प्रमाणित संचिकेचा समावेश राहून गेला आहे. जुन्या कंपायलरमध्ये ती दुसऱ्या संचिकेतून आपोआप येत असे, म्हणून हा दोष दिसला नव्हता.

जीसीसीच्या पुढील आवृत्त्यांनी हे अंतर वाढवत नेले. सहाव्या आवृत्तीत (२०१६) सी++१४ आणि अकराव्या आवृत्तीत (२०२१) सी++१७ हे मूलभूत मानक ठरले. दहाव्या आवृत्तीपासून (२०२०) एकच जागतिक चल अनेक संचिकांत घोषित केलेला असल्यास लिंकर सी भाषेतील कोडही नाकारतो. चौदाव्या आवृत्तीने (२०२४) सी भाषेत अघोषित कार्याचा वापर ही सूचना न ठेवता चूक ठरवली. हा शेवटचा बदल फसवा आहे. जुन्या 'कॉन्फिगर' आज्ञावल्यांतील लहान चाचण्या अशाच सैल कोडमध्ये लिहिलेल्या असल्याने त्या मुकाट्याने अयशस्वी होतात, आणि संगणकावर असलेली सुविधा नाही अशी खोटी नोंद होते.

यावर तीन मार्ग प्रचलित आहेत: कोड दुरुस्त करणे, जुने मानक स्पष्टपणे मागणे, किंवा जुना कंपायलर वापरणे. 'परमिसिव्ह' हा पर्याय देऊन कंपायलरला गप्प करण्याचा चौथा मार्गही सुचवला जातो. तो झटपट असला तरी सरसकट वापरणे इष्ट नाही, कारण त्याने निरुपद्रवी चुकांबरोबर गंभीर चुकाही केवळ सूचना बनून नजरेआड होतात.

लायब्ररी आणि मार्ग

टीकेच्या संकलनात 'एक्स' या चित्रप्रणालीच्या मथळा-संचिका सापडत नाहीत, असा संदेश वारंवार येतो. समोर खिडक्या उघडलेल्या दिसत असताना हा संदेश अविश्वसनीय वाटतो. पण आज्ञावली चालवण्यास लागणारी लायब्ररी आणि तिच्या आधारे नवी आज्ञावली संकलित करण्यास लागणाऱ्या मथळा-संचिका लिनक्सच्या बहुतेक वितरणांत वेगवेगळ्या पॅकेजमध्ये असतात. डेबियन व उबुंटूत अशा पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' आणि फेडोरात 'डेव्हेल' असते.

स्थापना पूर्ण झाल्यावर संच तीन मार्ग नोंदवण्यास सांगतो: आज्ञावलीचा 'पाथ', लायब्ररींचा 'एलडी लायब्ररी पाथ' आणि 'टीसीएल लायब्ररी'. या नोंदी सहसा 'बॅशआरसी' संचिकेत केल्या जातात. दुसरीकडून उतरवलेल्या ओळींत सरळ अवतरणचिन्हांऐवजी वक्र चिन्हे आली, तर शेल ती चिन्हे मार्गाचाच भाग समजते. तिसरी नोंद विशेष जपून करावी लागते. ती कायमस्वरूपी केल्यास संगणकावरील टीसीएल ८.६वर चालणाऱ्या इतर आज्ञावल्या ८.५.१०ची आरंभ-संचिका वाचू लागतात आणि आवृत्तींचा मेळ बसत नसल्याची तक्रार करून बंद पडतात. एनएस-२ स्थापल्यानंतर दुसरेच काहीतरी बिघडले, असे सांगितले जाते तेव्हा पुष्कळदा हे कारण असते.

संचालन प्रणालींमधील भेद

विंडोजवर एनएस-२ सिगविन या युनिक्ससदृश थराच्या आधारे चालवला जाई. तेथील दोन अडचणी लहान, पण चिवट आहेत. पहिली म्हणजे ओळीचा शेवट दर्शवणारी चिन्हे. विंडोजमधील संपादकात जतन केलेल्या शेल आज्ञावलीत प्रत्येक ओळीअखेर एक अदृश्य अतिरिक्त चिन्ह राहते आणि शेल ती चालवण्यास नकार देते. दुसरी म्हणजे फोल्डरच्या नावातील मोकळी जागा. वापरकर्त्याने नाव व आडनाव देऊन खाते उघडले असेल, तर त्याच्या मुख्य फोल्डरच्या नावातच ती येते आणि मेक-संचिका त्या मार्गाचे दोन तुकडे करते. २०१६ पासून विंडोजमध्ये लिनक्ससाठी उपप्रणाली उपलब्ध झाल्यावर सिगविनची गरज बरीच कमी झाली. या उपप्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स कोड विंडोजच्या ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवल्यास संकलन लक्षणीय वेगाने होते.

मॅकओएसवर 'जीसीसी' ही आज्ञा दिली तरी प्रत्यक्षात ॲपलचा क्लँग हा कंपायलर चालतो. एक्स प्रणाली २०१२ पासून मॅकओएससोबत येत नाही. तिच्यासाठी एक्सक्वार्ट्झ वेगळे बसवावे लागते. २०१५ पासूनच्या सुरक्षा-व्यवस्थेमुळे लायब्ररींचे मार्ग सांगणाऱ्या काही नोंदी संरक्षित आज्ञावल्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. २०२० पासूनच्या ॲपल प्रोसेसरवर होमब्रू आपली पॅकेजे जुन्या मार्गाऐवजी 'ऑप्ट' फोल्डरखाली ठेवते, त्यामुळे जुन्या सूचनांतील मार्ग तेथे रिकामे आढळतात.

मॅकवरील सर्वात बोलका दोष ओपनफोम या द्रवगतिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. मॅकओएसची संचिका-व्यवस्था मूलतः इंग्रजीतील मोठी व लहान अक्षरे एकच मानते. ओपनफोममध्ये 'व्हेक्टर' नावाच्या दोन वेगळ्या मथळा-संचिका आहेत, एकीचे आद्याक्षर मोठे व दुसरीचे लहान. संकलनाच्या वेळी सर्व मथळ्यांचे दुवे एका फोल्डरमध्ये गोळा केले जातात आणि तेथे या दोघींपैकी एकच शिल्लक राहते. कोडमध्ये कोठेही चूक नसताना संकलन कोसळते. उपाय म्हणून अक्षरभेद पाळणारा स्वतंत्र डिस्क-विभाग तयार करून त्यात ओपनफोम ठेवतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पामार्फत भारतीय महाविद्यालयांत या सॉफ्टवेअरचा प्रसार केला जातो.

स्थापनेनंतरची पडताळणी

संकलन निर्विघ्न झाले म्हणजे उत्तरे बरोबर येतील, असे नाही. एनएस-२मध्ये 'व्हॅलिडेट' नावाची आज्ञावली याच कारणासाठी दिलेली आहे. ती ठरावीक प्रयोग चालवून त्यांची फलिते संचासोबतच्या प्रमाण फलितांशी ताडून पाहते. एनएस-३मध्ये 'टेस्ट' आज्ञावली आणि ग्रोमॅक्स या रेण्वीय गतिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'मेक चेक' हे काम करतात. वेळ लागतो म्हणून ही पायरी गाळली जाते, पण प्रकल्पातील आकडे याच पायरीवर उभे असतात.

जुने ३२-बिट प्रोसेसर दशांश गणना ८० बिटांच्या नोंदवह्यांत करत, तर ६४-बिट संकलनात ती सामान्यतः ६४ बिटांत होते. वेगासाठी कंपायलरला गणिती नियम सैल करण्याची मुभा दिली, तर बेरजेचा क्रम बदलतो आणि त्यासोबत शेवटचे अंकही. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असलेल्या सिम्युलेशनमध्ये हा फरक वाढत जाऊ शकतो.

संचालन प्रणालीच्या भेदाने निष्कर्षच बदलल्याचे एक प्रकरण २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधकांनी उघड केले. 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन आज्ञावल्या रेणूंच्या चुंबकीय अनुनादाची मूल्ये काढण्यासाठी वापरल्या जात. संचालन प्रणाली फोल्डरमधील संचिकांची यादी विशिष्ट क्रमाने देते, असे त्यांत गृहीत धरले होते. तो क्रम प्रत्येक प्रणालीत वेगळा असतो. परिणामी एकाच माहितीसाठी विंडोज १०वर १७३.२, तर उबुंटू १६वर १७२.७ असे उत्तर आले. कोठेही चुकीचा संदेश आला नव्हता. यादी वर्णक्रमाने लावणारी एक पायरी घालून दोष दूर करण्यात आला, परंतु तोवर शंभराहून अधिक शोधनिबंधांत या आज्ञावल्यांचा वापर झाला होता.

एनएस-३ आणि कंटेनर

एनएस-३ची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. तो एनएस-२चा उत्तराधिकारी असला तरी स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. त्यात ओटीसीएल नाही आणि एनएस-२चे प्रयोग त्यात जसेच्या तसे चालत नाहीत. त्याची संकलन-व्यवस्था प्रथम वॅफवर आधारित होती. २०२२ मधील ३.३६ आवृत्तीपासून सीमेक स्वीकारण्यात आले. त्यामुळे वॅफच्या आज्ञा देणारी जुनी पाठ्यटिपणे नव्या आवृत्तीला लागू पडत नाहीत. 'ऑप्टिमाइझ्ड' प्रकारच्या संकलनात नोंदी छापण्याची सोय बंद असते. प्रयोग चालतो, पण पडद्यावर नोंदींची एकही ओळ उमटत नाही, अशा वेळी कोड तपासण्यापूर्वी संकलनाचा प्रकार तपासावा.

जुना कंपायलर, जुन्या लायब्ररी व सिम्युलेटर एकत्र गोठवून ठेवण्यासाठी डॉकरसारख्या कंटेनरचा वापर वाढला आहे. एनएस-२वर आधारलेले जुने निष्कर्ष पुन्हा पडताळायचे असतील, तर नव्या प्रणालीशी झगडण्यापेक्षा हा मार्ग सोपा पडतो. नॅमसारख्या चित्रमय साधनासाठी मात्र कंटेनरबाहेरील एक्स प्रणालीशी जोडणी करावी लागते. तसेच इंटेल प्रोसेसरसाठी तयार केलेली प्रतिमा ॲपल प्रोसेसरच्या मॅकवर अनुकरणाच्या थरातून चालत असल्याने मोठे प्रयोग तेथे बरेच संथ होतात.