परसातील मत्स्य-भाजीपाला टाकी : मासे सोडण्याची घाई नको

माशांचे पाणी पंपाने खडीच्या वाफ्यातून फिरवून आपण भाजी घेऊ पाहता. पण टाकी भरताच मासे सोडाल, तर ते बहुधा मरतील. दोष मत्स्यबीजाचा नव्हे. विष्ठेतील अमोनियाचे खडीवरील जिवाणू आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. पहिली दोन माशांना विष, तिसरे पालकाचे खाद्य. जिवाणू वसण्यास ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत अधिकच.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी उडू द्यावा. मग पंप चालू ठेवून रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया होतो. चालू टाकीतील मूठभर खडी मिळाल्यास विरजणासारखी घालावी. तपासणी संचावर अमोनिया व नायट्राइट चढून पुन्हा शून्यावर आले, की मोजकेच मासे सोडावेत.