केलगेरीच्या तळ्यावरचे पाहुणे

भाद्रपद सरता सरता धारवाडच्या ओढ्याकाठी शेपूट हलवीत फिरणारा, पिवळ्या पोटाचा करडा धोबी दिसू लागतो. त्याच्या पाठोपाठ माळभिंगऱ्या येऊन तारांवर ओळीने बसतात. उत्तरेचे पाहुणे येऊ लागल्याची ही पहिली वर्दी.

आश्विन-कार्तिकात, उन्हे चढण्यापूर्वी, गोव्याच्या रस्त्यावरील केलगेरीच्या तळ्याकडे जावे. चिखलाच्या कडेने तुतवार तुरुतुरु धावत असतो. मध्यावर बदकांचा थवा दिसला, तर त्यात भिवई बदक शोधावे. सैबेरियापासून येणारे हे पाखरू. मात्र नावावर जाऊ नये. नराची ती पांढरी भुवई या दिवसांत नसतेच. परतीच्या सुमारास ती खुलते. तोवर नर-मादी दोघेही सारखेच मळकट.

या मुलखातील पक्ष्यांची दखल जुनी आहे. १८८१ साली बटलर या लष्करी अधिकाऱ्याने दख्खन व ‘दक्षिण मराठा देश’ येथील पक्ष्यांची यादी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. संपादक होते ॲलन ह्यूम. तेच पुढे काँग्रेसच्या संस्थापकांत गणले गेले!

खरा सोहळा मात्र मागडीला. हे गाव शिरहट्टी तालुक्यातले. १९९७ पर्यंत धारवाड जिल्ह्यात, आता गदगमध्ये. कादंब हंस आपण संस्कृत काव्यातच पाहिलेला. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला त्याच कुळातला हंस येथे हिवाळ्यात हजारोंनी उतरतो. सरकारी आकडा सुमारे ८,०००. तिबेट-मंगोलियाकडून, हिमालय ओलांडून येणारी ही पाखरे रात्री शेतांत चरतात आणि दिवस तळ्यात काढतात. हे तळे जेमतेम पन्नास हेक्टरांचे, शेतीला पाणी मिळावे म्हणून माणसानेच बांधलेले. २०२४ साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले.

मागडीचा मान झाला, हे उत्तम. पण हुबळीच्या उणकल तळ्याला जलपर्णीने वर्षानुवर्षे ग्रासले, त्याचे काय? बदकाला उतरायला मोकळे पाणी हवे, तुतवाराला उघडा काठ. हिरव्या गालिच्याखाली दोन्ही नाहीसे होतात. जलपर्णी एकदा काढून भागत नाही. सांडपाणी येत राहिले की त्याच पोषणावर ती पुन्हा फोफावते. म्हणून आधी गटारे वळविली पाहिजेत. तेही पाहुणे येण्याआधी, उन्हाळ्यातच.