तो हट्टी नाही, ‘नको’ म्हणतोय!

धारणीच्या बाजारात एखाद्या गावठी कुत्र्याला ‘यू यू’ करून बघा. मूड नसेल तर तो मान फिरवतो आणि वळसा घालून निघून जातो. विषय संपला! आपल्या फ्लॅटमधल्या ब्रुनोला मात्र ही सोय नाही. गळ्यात पट्टा, समोर तुम्ही आणि ऑफिसातून आल्यावरचं वीस मिनिटांचं ट्रेनिंग. जाता येत नाही, म्हणून तो अंगानं ‘नको’ सांगतो. आणि आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे!

काय बघाल?

झोप आलेली नसताना जांभई. समोर खाऊ नसताना ओठांवरून फिरणारी जीभ. तोंड वळवून तिरकं बघणं, इतकं की डोळ्यातला पांढरा भाग दिसतो. मागे गेलेले कान, पोटाखाली शेपूट. ‘बस’ म्हटलं की अचानक अंग खाजवणं किंवा जमीन हुंगणं. नॉर्वेच्या ट्रेनर तुरिड रुगास यांनी अशा अनेक खुणांना ‘शांत करणारे संकेत’ म्हटलंय. एका जांभईवरून निकाल लावू नका. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, की समजून घ्या.

हुंगण्या-हुंगण्यात फरक

धारणी ज्या मेळघाटात आहे, तसल्या वाघांच्या जंगलांत शिकारीचा माग काढायला ‘ट्रॅफिक’ ही संस्था २००८ पासून वनखात्यांना श्वान तयार करून देते. या श्वानांचं कामच हुंगणं! कामात असलेला कुत्रा नेटानं माग धरतो. टाळणारा एकाच जागी उगाच नाक घासत राहतो आणि तुमच्याकडे बघत नाही.

दटावल्यानं काय होतं?

पोर्तुगालमध्ये २०२० साली ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटके देऊन, ओरडून शिकवलेल्या कुत्र्यांत जांभया, ओठ चाटणं जास्त दिसलं. ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त वाढलं. खरा धोका पुढे आहे. गुरगुरण्याबद्दल मार बसला, की कुत्रा गुरगुरणं सोडतो, भीती सोडत नाही. मग थेट चावा!

मग करायचं काय? पट्टा सैल सोडा, एक पाऊल मागे या, त्याला जमणारी सोपी गोष्ट करून घ्या, खाऊ द्या आणि थांबा. वीस मिनिटं सलग नको, पाच-पाच मिनिटं पुरे. आणि तो उठून गेला, तर जाऊ द्या. धारणीतल्या त्याच्या भाऊबंदांना आपण अडवतो का?