गोटमारीची तयारी होते, मग घरची का नाही?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठी डॉक्टर, मलमपट्टीची शिबिरं आणि रुग्णवाहिका सज्ज असतात. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार, म्हणजे परंपरेची दगडफेक होणार, डोकी फुटणार, हे आधीच ठाऊक असतं, म्हणून तयारीही आधी होते. साप, वीज, ऊन आणि पूर मात्र तारीख सांगून येत नाहीत. त्यांच्याबाबत घरोघरी तयारीपेक्षा समजुतीच जास्त आहेत, आणि त्यांतल्या काही जिवावर बेततात.

गैरसमज : साप चावला की वर दोरी करकचून बांधावी, चीर देऊन विष काढावं.
वस्तुस्थिती : दोरीने रक्तपुरवठा तुटून हात-पाय निकामी होऊ शकतो. चिरल्याने विष निघत नाही, जखम मात्र वाढते. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी, जोडवी, पैंजण काढा आणि माणसाला न चालवता दवाखान्यात न्या. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष देतात.

गैरसमज : मांत्रिकाच्या हातून माणसं बरी होतात.
वस्तुस्थिती : बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. ती माणसं तशीही वाचणारच होती. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. बहुतेकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळा आल्या, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर उजाडण्याची वाट पाहू नका. खाटेवर, नीट खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणं हा सोपा बचाव आहे.

गैरसमज : वीज पडलेल्याच्या अंगात करंट राहतो, त्याला शेणात ठेवावं.
वस्तुस्थिती : अंगात वीज उरत नाही, हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबत राहा. शेणात ठेवण्यात हीच मिनिटं वाया जातात. गडगडाट ऐकू आला की संत्र्याचा बगीचा सोडून पक्क्या घरात या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

गैरसमज : खिशात कांदा असला की ऊन लागत नाही.
वस्तुस्थिती : खिशातला कांदा अंगातली उष्णता ओढून घेत नाही. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध पडला, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. शुद्ध नसताना पाणी पाजू नका.

गैरसमज : पुलावरून थोडंच पाणी आहे, गाडी निघून जाईल.
वस्तुस्थिती : वेगाने वाहणारं 15 सेंटिमीटर पाणीही माणसाचे पाय उखडतं. 60 सेंटिमीटर पाणी मोटार वाहून नेतं. पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबा.

गैरसमज : 108 लावला की आपलं काम संपलं.
वस्तुस्थिती : रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं घरच्यांच्या हातात असतात. शिवाय हा मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेचा भाग. पांढुर्णा 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आलं. तरी कित्येकांच्या तोंडी अजून छिंदवाडाच येतं. म्हणून गाव, तहसील, जिल्हा आणि राज्य ही चारही नावं सांगायला लेकरांनाही शिकवा.

तयारीला पैसा फारसा लागत नाही, पण आधी ठरवावं लागतं. रात्री गाडी कोणाची, दवाखाना कोणता, म्हाताऱ्या माणसांची औषधं कुठे? हे कागदावर लिहा. त्याखाली 112, 108 आणि गॅसगळतीसाठी 1906 हे क्रमांक लिहून कागद दाराशी चिकटवा. टॉर्च, ओआरएसच्या पुड्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं एका जागी ठेवा. उन्हासाठी गुढीपाडव्याला आणि पावसासाठी मृग लागण्याआधी, असं वर्षातून दोनदा हे सगळं तपासा. गोटमारीच्या दिवशी नदीकाठी जी दक्षता दिसते, ती या दोन दिवशी आपल्या उंबरठ्याच्या आत दिसायला हवी.