एच-निर्देशांक म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत

एखाद्या शास्त्रज्ञाचा एच-निर्देशांक 30 आहे, असे वाचले की अनेकांना ते शंभरपैकी गुण वाटतात, नाहीतर सरासरी. तो यांपैकी काहीच नाही. अर्थ इतकाच की, त्याच्या 30 शोधनिबंधांना प्रत्येकी किमान 30 उद्धरणे (इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत दिलेले संदर्भ) मिळाली आहेत. 31 निबंधांना प्रत्येकी 31 मिळालेली नाहीत. फलंदाजाने 30 डावांत किमान तीस-तीस धावा केल्या, असे म्हणण्यासारखे. त्यातल्या एका डावात त्रिशतक असले, तरी आकडा 30च राहतो.

ही मोजणी भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवली. घोटाळा होतो तो ज्ञानशाखा ओलांडताना. गणितात निबंध कमी, लेखक एकदोन, संदर्भयादी आखूड. जीववैद्यकात सगळेच जास्त. भौतिकशास्त्रात हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील 2015 च्या निबंधाला तर पाच हजारांहून अधिक लेखक होते, आणि त्याचे प्रत्येक उद्धरण सहसा त्या सर्वांच्या नावे पूर्ण धरले जाते. (खुद्द पीटर हिग्ज यांनी मोजकेच निबंध लिहिले, नोबेल मात्र 2013 मध्ये मिळाले.) गणितज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांची तुलना या आकड्यावर करू नये, नेमणुकीच्या वेळी तर नाहीच.